मुशीसारखा दिसणारा, पण मुशीचा नातेवाईक नसलेला मासा : स्टर्जन

माशांचे वर्गीकरण शिकवताना आपण बहुतेक सगळे एकाच जागेपासून सुरुवात करतो. मासे दोन प्रकारचे : कास्थिमत्स्य आणि अस्थिमत्स्य. मुशी आणि पाकट यांचा सांगाडा कूर्चेचा, तर बांगडा, सुरमई, रोहू यांचा हाडांचा. विद्यार्थीही ही विभागणी चटकन लक्षात ठेवतात. जेवताना काटे लागले तर अस्थिमत्स्य, न लागले तर कास्थिमत्स्य, इतके ते सोपे वाटते.

समजा, वर्गातल्या एखाद्या चौकस मुलीने विचारले, "पण हीच विभागणी का? माशांचे रंगावरून किंवा आकारावरून गट का नाही पाडायचे? आणि सांगाडा कूर्चेचा, पण बाकी सगळे अस्थिमत्स्यासारखे असा मासा सापडला तर?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी दुसरा प्रश्न फार उपयोगी आहे. कारण असा मासा खरोखरच आहे. त्याचे नाव स्टर्जन.

स्टर्जन आपल्याकडे मिळत नाही. भारतातील कोणत्याही नदीत किंवा समुद्रात तो मूळचा नाही. त्याचे सगळे भाईबंद उत्तर गोलार्धाच्या थंड आणि समशीतोष्ण भागात राहतात : कॅस्पियन आणि काळ्या समुद्रात व त्यांना मिळणाऱ्या व्होल्गा, डॅन्यूब यांसारख्या नद्यांत, सायबेरियातील नद्यांत, रशिया आणि चीन यांच्या सीमेवरील आमूर नदीत, चीनच्या यांगत्सेत आणि उत्तर अमेरिकेतील नद्या, सरोवरे व किनाऱ्यांवर. काही जाती आयुष्यभर गोड्या पाण्यात राहतात. बऱ्याच जाती समुद्रात वाढतात आणि अंडी घालण्यासाठी नदीत शिरून प्रवाहाविरुद्ध शेकडो किलोमीटर वर जातात. त्यांच्या खारवलेल्या अंड्यांना कॅव्हियार म्हणतात. जगातील अतिशय महाग खाद्यपदार्थांत त्याची गणना होते. स्टर्जनवर आलेल्या संकटाचे एक मोठे कारण हेच आहे. त्याकडे आपण शेवटी वळू.

शरीररचना

स्टर्जनचे चित्र पाहिले तर पहिल्या नजरेत मुशीच आठवते. लांबट शरीर, पुढे आलेले टोकदार किंवा फावड्यासारखे चपटे मुस्कट, डोक्याच्या खालच्या बाजूला तोंड, आणि वरचा भाग लांब व खालचा आखूड अशी शेपटी. बांगड्याच्या शेपटीचे वरचे आणि खालचे भाग सारखे असतात. मुशीत आणि स्टर्जनमध्ये मात्र शरीराचा मधला अक्ष वर वळून शेपटीच्या वरच्या भागात शिरतो. अशा शेपटीला विषमपालि शेपटी म्हणतात.

आत पाहिले तर हे साम्य आणखी वाढते. सांगाडा जवळजवळ पूर्ण कूर्चेचा असतो. पाठीच्या कण्यात मणक्यांचे मुख्य भाग तयारच होत नाहीत. भ्रूणावस्थेत सर्वच पृष्ठवंशी प्राण्यांत दिसणारा पृष्ठरज्जू स्टर्जनमध्ये आयुष्यभर टिकतो आणि तोच शरीराला आधार देतो. आतड्यात जिन्यासारखी वळत जाणारी सर्पिल झडप असते. तिच्यामुळे आखूड आतड्यातही अन्न शोषणारा पृष्ठभाग पुष्कळ मिळतो. मुशीतही अशीच झडप असते. अनेक जातींत डोळ्यामागे श्वासरंध्र नावाचे लहान छिद्र असते. तेही मुशीत आहे.

मुस्कटाच्या खालच्या बाजूला बारीक खळग्यांसारखी ज्ञानेंद्रिये असतात. भक्ष्याच्या स्नायूंमधून निघणारा अत्यंत क्षीण विद्युतप्रवाह त्यांना जाणवतो. गढूळ पाण्यात, तळाच्या चिखलात दडलेले किडे आणि शिंपले शोधायला त्यांचा उपयोग होतो. तोंडापुढे चार मिशा लोंबत असतात. त्यांवर चव कळणाऱ्या पेशी असल्याने मासा तळावरून जाताना जणू तळ चाखत जातो. अन्नाचा पत्ता लागला की तोंड नळीसारखे खाली बाहेर येते आणि अन्न ओढून घेते. प्रौढ स्टर्जनला दात नसतात, पिलांना मात्र असतात.

आता दुसरी बाजू पाहू. मुशीच्या मानेच्या बाजूला पाच किंवा अधिक उघड्या कल्लाफटी दिसतात. स्टर्जनचे कल्ले रोहूप्रमाणे एका हाडाच्या झाकणाखाली असतात. मुशीला वाताशय नसतो. स्टर्जनला मोठा वाताशय असून तो नलिकेने अन्नमार्गाला जोडलेला असतो. नर मुशीच्या श्रोणिपरांना संयोगाचे अवयव असतात आणि फलन मादीच्या शरीरात होते. स्टर्जनची मादी हजारो, मोठ्या जातींत लाखो, अंडी पाण्यात सोडते आणि फलन बाहेर होते. मुशीच्या परांना शिंगासारख्या पदार्थाचे तंतू आधार देतात, तर स्टर्जनच्या परांत हाडांच्या सांधेदार शलाका असतात.

शिवाय स्टर्जनच्या शरीरात हाड मुळीच नाही असेही नाही. त्याच्या कूर्चेच्या कवटीवर हाडांच्या तकटांचे आच्छादन असते. शरीरावर हाडाच्या टोकदार ढालींच्या पाच रांगा असतात : एक पाठीवर, दोन बाजूंना आणि दोन पोटाकडे. शेपटीच्या वरच्या भागावर चकचकीत, चौकटीच्या आकाराचे खवले असतात. ते गॅनॉइड प्रकारचे असून प्राचीन अस्थिमत्स्यांच्या जीवाश्मांत तसेच खवले सापडतात.

मग याला कुठे बसवायचे?

शास्त्रज्ञांचाही गोंधळ

या प्रश्नाने मोठमोठ्या निसर्गशास्त्रज्ञांना गोंधळात टाकले. कार्ल लिनीअसने १७५८ साली 'सिस्टिमा नॅचुरी' या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत स्टर्जनला ॲसिपेन्सर हे वंशनाम दिले. पण त्याला माशांच्या वर्गात न ठेवता, मुशी आणि पाकट यांच्यासह, उभयचरांच्या वर्गातील 'पोहणारे' अशा एका गटात टाकले. स्टर्जनचा सर्वांत जवळचा जिवंत नातेवाईक म्हणजे मिसिसिपी नदीतला पॅडलफिश. याचे मुस्कट वल्ह्यासारखे लांब आणि चपटे असते. १७९२ साली त्याचे शास्त्रीय नामकरण झाले तेव्हा त्याला चक्क मुशीच्या वंशात घातले गेले.

पुढे लुई अगासीझ या स्विस शास्त्रज्ञाने १८३० आणि १८४० च्या दशकांत माशांचे वर्गीकरण खवल्यांवरून केले. चकचकीत खवल्यांच्या माशांना त्याने गॅनॉइड म्हटले आणि स्टर्जनला त्यांत घेतले. १८४४ साली जर्मनीच्या योहानेस म्युलरने नुसत्या खवल्यांवर विसंबून न राहता हृदय, आतडे यांसारख्या आतल्या अवयवांची तपासणी केली आणि या गटाच्या सीमा नव्याने आखल्या. तेव्हापासून स्टर्जनचे स्थान मुशीपासून दूर आणि अस्थिमत्स्यांजवळ पक्के होत गेले.

आज त्याची जागा अशी मानतात. अस्थिमत्स्यांची एक मोठी शाखा म्हणजे शलाकापरी मासे, म्हणजे हाडांच्या शलाकांचे पर असलेले मासे. बांगडा, रोहू, सुरमई हे सगळे याच शाखेतले. या शाखेच्या बुंध्यापासून सर्वांत आधी फुटलेली आणि आजवर टिकलेली फांदी म्हणजे आफ्रिकेतील बिचिर मासे. त्यानंतरची फांदी स्टर्जन आणि पॅडलफिश यांची. मग गार आणि बोफिन या अमेरिकन माशांची. उरलेल्या सगळ्यांत मोठ्या फांदीवर आजचे बहुतेक सर्व मासे बसतात. म्हणजे स्टर्जन मुशीपेक्षा बांगड्याला कितीतरी जवळचा आहे. एवढेच काय, मुशीपेक्षा तो आपल्यालाही जवळचा आहे, कारण चार पायांचे सर्व प्राणी अस्थिमत्स्यांच्याच दुसऱ्या एका शाखेतून आले.

साम्याचे दोन प्रकार

येथे विद्यार्थी अडतील. इतकी साम्ये असूनही मुशी नातेवाईक नाही, हे कसे? उत्तर असे की सगळी साम्ये सारख्या मोलाची नसतात.

पहिला प्रकार जुन्या वारशाचा. विषमपालि शेपटी, सर्पिल झडप, श्वासरंध्र आणि विद्युतसंवेदी इंद्रिये ही मुशी आणि अस्थिमत्स्य यांच्या समाईक पूर्वजांकडेच होती. स्टर्जनने ती टिकवली, तर बांगड्याच्या पूर्वजांनी गमावली. एखाद्या घराण्यात दोन लांबच्या चुलत भावंडांनी पणजीची पितळेची भांडी जपून ठेवली आणि एकाच्या सख्ख्या भावाने ती मोडीत घातली, तर भांडी जपणारे दोघे एकमेकांचे सख्खे भाऊ ठरत नाहीत. नाते ठरवायला उपयोगी पडतात ती नव्याने आलेली आणि काहींनाच मिळालेली लक्षणे. स्टर्जन आणि बांगडा यांच्या परांतील हाडांच्या शलाका हे असे लक्षण आहे.

दुसरा प्रकार स्वतंत्रपणे आलेल्या साम्याचा. कूर्चेचा सांगाडा या प्रकारात येतो. स्टर्जनची कूर्चा 'आदिम' आहे, हाड बनण्याच्या आधीची पायरी आहे, असे पूर्वी अनेकांना वाटे. काही पुस्तकांत आजही तसा सूर असतो. पण जीवाश्म वेगळे सांगतात. प्राचीन शलाकापरी माशांचा सांगाडा हाडांचा होता. इंग्लंडच्या लाइम रेजिस येथील सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत काँड्रॉस्टिअस नावाच्या माशाचे जीवाश्म मिळाले आहेत. हा स्टर्जनच्या गोतावळ्यातला. त्याच्या सांगाड्यातले हाड बरेच कमी झालेले दिसते आणि खवले शेपटीच्या वरच्या भागापुरते उरलेले दिसतात. म्हणजे स्टर्जनच्या घराण्यात हाड आधी होते आणि ते नंतर कमी झाले. पुढे ढालींच्या पाच रांगा आल्या. मंगोलियात सापडलेल्या एका प्राचीन माशाच्या कवटीत २०२० साली खरे हाड आढळले. त्यावरून मुशींच्या दूरच्या पूर्वजांकडेही हाड असावे आणि त्यांनीही ते गमावले असावे, असा विचार बळावला आहे. तसे असेल तर दोन घराणी स्वतंत्रपणे एकाच ठिकाणी पोहोचली.

मिशांचेही असेच आहे. आपल्याकडील शिंगाळ्यालाही मिशा असतात, पण त्यामुळे तो स्टर्जनचा नातेवाईक होत नाही. गढूळ तळाशी अन्न शोधणाऱ्या दोन वेगळ्या घराण्यांनी एकच युक्ती अवलंबली.

घराण्यातले वाद

स्टर्जनच्या कुलात सुमारे २५ जाती आहेत. परंपरेने त्यांचे चार वंश मानले गेले. बहुतेक जाती ॲसिपेन्सरमध्ये. प्रचंड तोंडाच्या, मोठेपणी मासे खाणाऱ्या दोन जाती हुसोमध्ये : कॅस्पियन आणि काळ्या समुद्राकडील बेलुगा, आणि आमूर नदीतील कालुगा. फावड्यासारख्या मुस्कटाच्या तीन अमेरिकन जाती स्कॅफिरिंकसमध्ये, आणि तशाच मुस्कटाच्या मध्य आशियातील तीन जाती स्यूडोस्कॅफिरिंकसमध्ये. या शेवटच्या तीन जाती अरल समुद्राला मिळणाऱ्या आमूदर्या आणि सीरदर्या नद्यांतल्या.

१९९७ साली स्टर्जनच्या सांगाड्याचा तपशीलवार अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दोन्ही फावडेमुख्या वंशांना एकमेकांचे सख्खे नातेवाईक मानले होते. दोघांची मुस्कटे चपटी, दोघांना श्वासरंध्र नाही, तेव्हा निष्कर्ष पटण्यासारखाच होता. त्याच सुमारास डीएनएच्या अभ्यासाला सुरुवात झाली आणि वेगळेच चित्र दिसू लागले. मध्य आशियातील फावडेमुखे हे अमेरिकन फावडेमुख्यांचे नव्हे, तर कॅस्पियनमधल्या तारांकित स्टर्जनचे जवळचे निघाले. मिसिसिपी आणि आमूदर्या या दोन्ही वेगवान, गढूळ नद्या. तळाला चिकटून राहणाऱ्या माशाला चपटे डोके दोन्हीकडे सोयीचे. बेलुगा आणि कालुगा यांचीही तीच गोष्ट. बेलुगाची गणना कॅस्पियन-काळा समुद्र परिसरातील जातींत होते, तर कालुगाची पॅसिफिककडील जातींत. मोठे तोंड दोघांना वेगवेगळे मिळाले. म्हणजे मुशी आणि स्टर्जन यांच्या बाबतीत जो धडा मिळाला, तोच घराण्याच्या आतही लागू पडला.

याचा अर्थ जुनी वंशनामे नात्यांशी जुळत नाहीत. ती बदलण्याचे प्रस्ताव अलीकडे पुढे आले आहेत. त्यामुळे वेगवेगळ्या पुस्तकांत एकाच माशाची वेगवेगळी नावे दिसली तर नवल वाटू नये.

स्टर्जनचे गुणसूत्रही विलक्षण आहेत. माणसात ४६ गुणसूत्रे असतात. स्टर्जनच्या काही जातींत ती सुमारे १२०, काहींत सुमारे २५०, तर एका अमेरिकन जातीत ३५० हूनही अधिक आहेत. संपूर्ण गुणसूत्रसंच दुप्पट होण्याची घटना या घराण्यात एकाहून अधिक वेळा घडली. सर्वांत जुनी घटना स्टर्जन आणि पॅडलफिश वेगळे होण्यापूर्वीच, त्यांच्या समाईक पूर्वजात घडली होती, असे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसते.

२०२० साली हंगेरीतील संशोधकांनी एक अनपेक्षित गोष्ट जाहीर केली. ते रशियन स्टर्जनची अंडी नराच्या गुणसूत्रांशिवाय वाढवण्याचा प्रयत्न करत होते. त्या प्रयोगात तुलनेसाठी अमेरिकन पॅडलफिशचे शुक्राणू वापरले होते. त्यांपासून काही उपजणार नाही अशी अपेक्षा होती. पण शेकडो संकरित पिले जन्मली. त्यांतील काही आईसारखी, तर काही दोघांच्या मधली दिसत. ही दोन घराणी सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली असावीत, असा अंदाज आहे. इतक्या काळानंतरही संकर होऊ शकतो, यावरून या माशांच्या गुणसूत्रांत बदल किती सावकाश होत असावेत याची कल्पना येते.

'जिवंत जीवाश्म' म्हणावे का?

'जिवंत जीवाश्म' हा शब्दप्रयोग डार्विनने १८५९ साली रूढ केला. गोड्या पाण्यात टिकून राहिलेल्या गॅनॉइड माशांचा उल्लेखही त्याने त्याच संदर्भात केला होता. तेव्हापासून हे विशेषण स्टर्जनला चिकटले आहे. स्टर्जनचे घराणे प्राचीन आहे यात शंका नाही. अमेरिकेतील नॉर्थ डाकोटा येथे डायनोसॉर युगाच्या अखेरच्या थरांत स्टर्जन आणि पॅडलफिश यांचे जीवाश्म सापडले असून त्यांच्या कल्ल्यांत उल्कापातातून उडालेल्या काचेचे बारीक गोळे अडकलेले आहेत. त्यांच्या हाडांतील वाढीच्या रेषांवरून ते मासे वसंत ऋतूत मेले, असे २०२२ साली दाखवण्यात आले. त्या संहारातून डायनोसॉर वाचले नाहीत, पण स्टर्जनचे घराणे वाचले.

मात्र 'जिवंत जीवाश्म' म्हणजे न बदललेला प्राणी, असा अर्थ विद्यार्थ्यांनी घेऊ नये. आमूदर्येतील बुटका स्टर्जन वीतभरापेक्षा थोडाच मोठा, सुमारे २७ सेंटिमीटर लांब असतो. बेलुगा पाच मीटरहून लांब आणि हजार किलोहून जड झाल्याच्या नोंदी आहेत. जाती मोजक्याच असल्या, तरी शरीराच्या आकारात या घराण्यात झपाट्याने बदल झाल्याचे २०१३ सालच्या एका व्यापक अभ्यासात आढळले. मूळ बांधा तोच राहिला, पण त्या बांध्यात बदल होतच राहिले.

आजची स्थिती

उल्कापातातून वाचलेले हे घराणे माणसाच्या हातून वाचेल का, हा आज खरा प्रश्न आहे. बेलुगाची मादी पहिल्यांदा अंडी घालण्यास साधारण पंधरा वर्षे किंवा अधिक काळ घेते, आणि पुढची वीण काही वर्षांनी होते. कॅव्हियारसाठी अशी मादी एकदा मारली की तिच्या वाढीची इतकी वर्षे वाया जातात. धरणांनी त्यांचे मार्ग अडवले. व्होल्गेवर १९६० च्या सुमारास पूर्ण झालेले व्होल्गोग्राडचे धरण आणि यांगत्सेवर १९८१ साली नदी अडवणारे गेझोबा धरण ही दोन ठळक उदाहरणे.

१९९८ पासून सर्व स्टर्जन आणि पॅडलफिश साइटिस या आंतरराष्ट्रीय व्यापार-कराराच्या कक्षेत आहेत. येथे वर्गीकरणाचा प्रत्यक्ष उपयोग दिसतो. १९९० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये विकल्या जाणाऱ्या कॅव्हियारची डीएनए चाचणी केली, तेव्हा काही डब्यांवर लिहिलेली जात आणि आतली जात वेगळी निघाली. कोणती अंडी कोणत्या जातीची हे ओळखता आले नाही, तर कायदा कागदावरच राहतो.

तरीही फार उशीर झालेला आहे. यांगत्सेतील चिनी पॅडलफिश २००३ नंतर कोणालाही दिसलेला नाही. २०२२ साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने तो नामशेष झाल्याचे आणि यांगत्से स्टर्जन निसर्गातून नाहीसा झाल्याचे जाहीर केले. या गणातील उरलेल्या सर्व २६ जाती धोक्यात असल्याचेही त्याच वेळी नमूद केले. एकही जात सुरक्षित नाही असे प्राण्यांचे इतके मोठे घराणे क्वचितच आढळेल.

वर्गासाठी एक कृती

बाजारातून एक लहान मुशी आणि एक बांगडा आणावा. फळ्यावर तीन रकाने करावेत : मुशी, बांगडा आणि स्टर्जन. पहिले दोन रकाने विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष पाहून भरावेत : कल्लाफटी किती, झाकण आहे का, शेपटी कशी, पर कशाने आधारलेले, वाताशय आहे का, सांगाडा हाडांचा की कूर्चेचा. तिसरा रकाना या लेखावरून भरावा. मग नुसत्या साम्यांची संख्या मोजून स्टर्जन कोणाचा नातेवाईक ठरतो, ते पाहावे. त्यानंतर प्रत्येक साम्यापुढे 'जुना वारसा', 'नवे समाईक लक्षण' किंवा 'स्वतंत्रपणे आलेले' यांपैकी एक खूण करून पुन्हा विचार करावा.

दोन्ही वेळा उत्तर वेगळे का आले, यावर वर्गात चर्चा झाली की त्या चौकस मुलीच्या पहिल्या प्रश्नाचेही उत्तर मिळेल. वर्गीकरण म्हणजे दिसणाऱ्या वस्तू सोयीच्या कप्प्यांत घालणे नव्हे, तर नाती शोधणे होय. आणि नवा पुरावा मिळाला की ती नाती पुन्हा तपासावी लागतात.